वहीत न लिहिलेले पाणी

(वसई तालुक्यातील राजोडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी मला एकदा एक वही लिहायला लावली होती. आजचे सगळे बोलणे त्या वहीवरच आहे.

१९६६ साल. मी चौथीत होते. गुरुजींनी फळ्यावर लिहिले, ‘घरखर्च’, आणि सांगितले की महिनाभर घरात जे जे लागेल ते रोजच्या रोज टिपायचे, आईला विचारून, वडिलांना विचारून. महिना संपला आणि आम्ही वह्या नेऊन दिल्या. माझ्या वहीत साखर होती, चहा होता, रॉकेल, मीठ, अंगाचा साबण, वडिलांचा रेल्वेचा पास, धाकट्या भावाचे औषध. बेरीज बरोबर होती. गुरुजींनी वही वाचली आणि मला विचारले, ‘तुमच्या घरी कोणी पाणी पीत नाही का गं? आणि कालवण कशाचं करता? चूल कशावर पेटते?’

मी गोंधळले. ते सगळे तर घरचेच होते, त्याला पैसे कुठे पडत होते?

त्यांनी वर्गातल्या सगळ्यांना दुसरा रकाना आखायला लावला. नाव दिले, ‘घरचे’. मग त्यात एकेक गोष्ट उतरू लागली. भात, निदान पावसाळ्यापर्यंत पुरेल इतके. केळी. नारळ. अळू, वाल, पडवळ, शेवग्याच्या शेंगा. चुलीसाठी झावळ्या, सोडणे, करवंट्या. शेजारच्या कोळणीला केळी देऊन तिच्याकडून घेतलेली सुकट. सुकेळीसाठी बाजूला काढलेला राजेळीचा घड. आणि विहिरीचे पाणी. गुरुजींनी आम्हाला आगाशीच्या बाजारात पाठवले आणि एकेका जिनसाचा भाव विचारून आणायला सांगितले. भाव लावला, बेरीज केली, तर माझ्या घरच्या दुसऱ्या रकान्याची रक्कम वडिलांच्या पगाराच्या जवळपास निम्मी भरली. पाण्याला मात्र कुणालाच भाव लावता येईना. तिथे गुरुजींनी स्वतः लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले.

वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. पहाटे जायचे, रात्री यायचे. घरात सगळे म्हणत, आम्ही गिरणीच्या पगारावर जगतो. मीही कित्येक वर्षे तसेच मानत होते. पुढे मी मुंबईत एका कामगार संघटनेच्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागले, मागणीपत्रे टंकता टंकता त्यांतले हिशोब शिकले, आणि एके दिवशी ती जुनी वही आठवली. गिरणीच्या पगारात आमचे घर भागतच नव्हते. भागवत होती ती केळी-नारळाची वाडी.

ही गोष्ट आमच्या एका घरापुरती असती तर मी ती इथे सांगितली नसती. मुंबईतल्या मजुरीचा पायाच हा होता. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा, आणि बायको-मुले, म्हातारे आईबाप गावच्या जमिनीच्या तुकड्यावर ठेवायचा. गिरणीमालकाला त्या गड्याचे पोट भरावे लागे, त्याच्या घराचे नाही. तो आजारी पडला की गावी जाई, संप झाला की गावी जाई, म्हातारा झाला की गावी जाई. आजारपणाचा, बेकारीचा आणि म्हातारपणाचा खर्च गावच्या शेताने उचलला. आपल्या वसईच्या पट्ट्याला एवढाच फायदा होता की इथला माणूस रात्री घरी परत येऊ शकत होता. विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली १८६७ च्या एप्रिलमध्ये. विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ मध्ये. गाडी आली आणि वाडी मुंबईला जोडली गेली. त्याच गाडीने माझे वडील गिरणीत गेले आणि माझी आई मोगऱ्याची टोपली घेऊन दादरला गेली.

या मजुरीचा हिशोब सरकारनेही मांडला. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय काढले. त्या कार्यालयाने १९२१-२२ मध्ये गिरणगावातल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास नावाचे अधिकारी त्या कामाचे प्रमुख होते, आणि अहवाल १९२३ मध्ये निघाला. निम्म्याच्या जवळपास, ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. ती प्रथम वाचली तेव्हा मी कचेरीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते. गिरणी कामगाराच्या पोटात जाणारे धान्य मोजले, तर ते मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढे ठरवून दिले होते त्याहून कमी भरत होते. दिवसभर साच्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाचे हे जेवण.

आता कायद्याकडे येते. किमान वेतनाचे विधेयक पहिल्यांदा मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, एप्रिल १९४६ मध्ये. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यातून १९४८ चा किमान वेतन कायदा झाला. त्याच वर्षी नेमलेल्या समितीने मजुरीच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खाली किमान वेतन, मध्ये रास्त वेतन आणि वर निर्वाह वेतन. निर्वाह वेतन म्हणजे नुसते जगवणारे नव्हे. त्यात मुलांचे शिक्षण, आजारपण, म्हातारपण, चार माणसांत मानाने राहता येण्याइतकी सोय, हे सगळे येते. संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये हाच शब्द आहे, आणि तिथे कारखान्यातल्या कामगाराबरोबर शेतावर राबणाराही स्पष्टपणे मोजलेला आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात जाऊन मागता येत नाही. मागता येते ते किमान वेतन.

ते मोजायचे कसे, हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरले. मालक, कामगार आणि सरकार तिघे एकत्र बसले आणि सूत्र केले. एका कमावत्या माणसामागे तीन ‘उपभोग घटक’. पुरुष एक, बायको शून्य दशांश आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य दशांश सहा. प्रत्येक पूर्ण घटकाला रोज २७०० कॅलरी अन्न. घराला वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक घरकुलाइतके भाडे. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला वेतनाचे २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात त्यात भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के.

या सूत्राचा मला आदर आहे. मजुरी त्याने ताटापासून मोजायला घेतली. ऑस्ट्रेलियात १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अशीच सुरुवात केली होती. नांगर-कापणीयंत्रांच्या एका कारखान्याचा खटला होता. त्यांनी कामगारांच्या बायकांच्या साक्षी घेतल्या, त्यांचे घरखर्च ऐकले आणि साध्या मजुराला दिवसाला सात शिलिंग मजुरी ठरवली. तिथे बायकांचा घरखर्च पुरावा म्हणून कोर्टात आला. आपल्या सूत्रात मात्र बाई शून्य दशांश आठ झाली. पहाटे अडीचला उठून कंदिलाच्या उजेडात मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, टोपली डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचे, दादरला विकून दुपारी परत, मग पुन्हा रहाट, आळी, चूल. माझ्या आईला वडिलांपेक्षा कमी भाकरी लागत होती, हे मी तरी कधी पाहिले नाही. आणि आजी? ती कोणत्याच घटकात नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या सत्पथी समितीने २०१९ मध्ये तीनऐवजी ३.६ घटक धरावेत अशी शिफारस केली होती. पुढे वेतन संहितेच्या नियमांच्या मसुद्यात पुन्हा तीनच आले.

आता मी थोडे फळ्यावरचे गणित करणार आहे. कंटाळू नका, चौथीचे आहे. वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली. तिच्याखालच्या केंद्रीय नियमांचा मसुदा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९५७ आणि १९९१ चे सूत्र एकत्र केले होते. फरक घरभाड्यात होता. त्या मसुद्यात म्हटले होते, घरभाडे म्हणजे अन्न आणि कपड्याच्या खर्चाच्या १० टक्के.

धरून चला की एका घराला अन्न आणि कपड्यासाठी महिन्याला १०,००० रुपये लागतात. घरभाडे त्याच्या १० टक्के, म्हणजे १,०००. झाले ११,०००. इंधन, वीज आणि किरकोळ यांना एकूण वेतनाचे २० टक्के, शिक्षण-औषधपाणी वगैरेंना २५ टक्के. म्हणजे हे ११,००० उरलेल्या ५५ टक्क्यांत बसले पाहिजेत. पूर्ण वेतन आले २०,०००. त्यात घरभाडे किती? एक हजार. विसावा भाग.

या सभागृहात किती जण भाड्याच्या घरात राहतात, हात वर करायला सांगत नाही. पण स्टेशनच्या त्या बाजूला जाऊन कुणीही विचारावे, एक हजार रुपयांत खोली आहे का. गाळ्याच्या पायरीवर बसायलासुद्धा मिळणार नाही.

मागच्या वर्षी मी नालासोपारा पूर्वेला एका चाळीत एका बाईकडे तीनदा जाऊन बसले. तिचे नाव सांगणार नाही, तिची परवानगी मी तेवढीच घेतली आहे. दहा बाय बाराची खोली. दारातच मोरी, वर पत्रा. नवरा अंधेरीला एका इमारतीत कंत्राटदाराकडून साफसफाईच्या कामावर. ती घरी बसून खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवते, डझनावर पैसे. मी बोलत होते तेव्हाही तिचे हात थांबत नव्हते. चिमट्याने खडा उचलायचा, डिंकाच्या थेंबावर टेकवायचा, पुढचा. बोटांची टोके डिंकाने इतकी गुळगुळीत झाली होती की रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, म्हणून दोन-दोनदा खेप घालावी लागते.

आम्ही वही आखली. भाडे साडेचार हजार. अनामत वेगळी दिलेली, तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता वेगळा. विजेचे पैसे मालक घेतो, आतल्या मीटरवर, त्याने ठरवलेल्या दराने. पाणी एक दिवसाआड, तेही रात्री. कमी पडले की पिंप विकत. पिण्याला वीस लिटरचा जार. नवऱ्याचा पास, आणि चाळीपासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. मुलीची शाळा, मुलाची शिकवणी. दोन मोबाइलचे रिचार्ज, कारण खड्यांचे काम देणारा निरोप मोबाइलवर पाठवतो आणि शाळेचा अभ्यासही तिथेच येतो. गावी सासूला पाठवायचे. भिशी.

मी तिला गुरुजींचा दुसरा रकाना आखून दिला. ‘घरचे काय?’ असे विचारले. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, ‘ताई, घरचं म्हणाल तर तुळस आहे.’

मंडळी, या एका वाक्यासाठी मी आजचा विषय निवडला. १९६६ ची आमची वही आणि आजची तिची वही यांच्यामध्ये पगार किती वाढला हे कुणीही सांगेल. सहा-सहा महिन्यांनी जानेवारीत आणि जुलैत किमान वेतनावरचा विशेष भत्ता बदलतो, महागाईचा निर्देशांक वर जातो, तो आकडा कागदावर चढतो. पण निर्देशांक भाव मोजतो. काल जे विकत घ्यावे लागत नव्हते ते आज विकत घ्यावे लागते, हे त्यात येत नाही. पाणी शून्य रुपयांवरून जारच्या किमतीवर गेले, ती वाढ किती टक्के मांडायची? शून्याने कशालाच भागता येत नाही. गुरुजींचे ते लाल प्रश्नचिन्ह आज दर तिसऱ्या दिवशी पैसे मागत दारात येते.

आणि प्रवास. सूत्रात प्रवासाला स्वतःचा रकाना नाही, तो किरकोळमध्ये जातो. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. रेल्वेने पास स्वस्त ठेवला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तो पास नसता तर मुंबईचे अर्धे काम बंद पडले असते. पण राजोडीहून नालासोपारा स्टेशनपर्यंत रोज रिक्षाने जा-ये करणाऱ्याला विचारा. पासापेक्षा त्या सहा-सात किलोमीटरांना कितीतरी पट पैसे जातात. वेळ तर कोणी मोजतच नाही. आठ तासांच्या कामामागे तीन-साडेतीन तास गाडीत, उभ्याने. ते कामगाराचेच आहेत, त्यांचे पैसे कोणी देत नाही. लंडनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला निर्वाह वेतनाची चळवळ उभी राहिली. तिथे आज लंडनसाठी एक दर आणि बाकी देशासाठी दुसरा दर काढतात, कारण भाडे आणि प्रवास गावागणिक बदलतात. आपल्याकडेही किमान वेतनासाठी परिमंडळे आहेत. पण एकाच परिमंडळात वाडीतला मोगरा खुडणारी, समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये भांडी घासणारा आणि वालीवच्या गाळ्यात यंत्रावर उभा राहणारा यांचे खर्च एकसारखे नाहीत. रिसॉर्टवाल्या मुलाला शनिवार-रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि सोमवार ते गुरुवार ‘घरी थांब’ म्हणतात. त्याची मजुरी दिवसावर काढली तर कायद्यात बसते. महिन्यावर काढली तर बसत नाही.

इथपर्यंत मी मुंबईच्या मालकांबद्दल बोलले. आता वाडीवाल्यांबद्दल, म्हणजे माझ्या स्वतःच्या घराबद्दल बोलायला हवे.

आमच्या वाडीत दिवाळीनंतर पूर्वेकडच्या पाड्यांवरून वारली, काही कातकरी बाया-माणसे कामाला येत. केळीची आळी करायला, भाताच्या झोडणीला, खत वाहायला. गोठ्यामागे झावळ्यांच्या खोपीत राहत. त्यांतल्या एका बाईने मला सांभाळले आहे, मी तिच्या कडेवर वाढले. माझ्या १९६६ च्या वहीत तिची मजुरी एका ओळीत होती, बरोबर मीठ आणि रॉकेलच्या मध्ये. तिचे घर कुठे आहे, तिची मुले तेव्हा काय खात होती, पावसाळ्यात ती काय करते, हे मी लिहिले नाही. मला कुणी विचारलेही नाही. गुरुजींनीसुद्धा नाही. माझ्या वडिलांच्या तुटपुंज्या पगाराला वाडीने आधार दिला असे मी आत्ताच तुम्हाला अभिमानाने सांगितले. त्या वाडीला आधार तिच्या मजुरीने दिला, जी आम्ही कमी ठेवली. हे मी माझ्या आईबापांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. पण हिशोब मांडायचा तर पूर्ण मांडला पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात या मजुरीसाठी माणसे मेली आहेत. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्याआधी हा सगळा ठाणे जिल्हा. १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारी नाकारली. मग त्यांनी मागणी केली ती दराची. डोंगरावरचे गवत कापायचे, वाळवायचे, गठ्ठे बांधायचे. हे गवत कुठे जायचे? मुंबईच्या तबेल्यांत. मुंबईला दूध मिळावे म्हणून. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी होती. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोन क्विंटल. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. तरी गवत कापायला कोणी गेले नाही. शेवटी तो दर त्यांनी मिळवला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या गावच्या वाचनालयात असेल, नसेल तर मी देते.

वसई तालुक्यातही ही गोष्ट १९४५ ला संपली नाही. १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी तालुक्याच्या पूर्व भागात काम सुरू केले तेव्हाही लग्नासाठी उचललेल्या चार पैशांपायी वर्षानुवर्षे बांधलेले गडी होते. श्रमजीवी संघटना त्यातून उभी राहिली. आणि १९८२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीच सक्तीची मजुरी आहे, अनुच्छेद २३ चा भंग आहे. म्हणजे माणूस साखळीने बांधलेला नसला, भुकेने बांधलेला असला, तरी तो बांधलेलाच. हा निकाल मला वाटते आपल्या प्रत्येक बाजारात, प्रत्येक गाळ्याच्या दारावर लावायला हवा.

इथे मला माहीत आहे, काही जण मनात म्हणत असतील, ‘बाई, देणार कुठून? केळीला भाव नाही, मोगरा सकाळी एका भावाने आणि दुपारी दुसऱ्याने जातो. गाळेवाल्याला स्वतःचे भाडे आहे, आणि डझनाचा दर मुंबईचा व्यापारी ठरवतो.’ हे म्हणणे खोटे नाही. मी वीस वर्षे संघटनेच्या बाजूने मालकांच्या प्रतिनिधींसमोर बसले आहे. त्यांत लबाड होते तसे खरेच अडचणीतलेही होते. पण त्या अडचणीतल्या माणसाने वाचवलेले पैसे जातात कुठे? वरच्या व्यापाऱ्याकडे, आणि खालच्या मजुराच्या घरातून. खडे चिकटवणाऱ्या बाईला जे मिळत नाही ते माहीमच्या दुकानात हार स्वस्त मिळावा म्हणून मिळत नाही. हा दर वरून ठरत असेल तर भांडण वर न्यायला हवे, आणि त्यात गाळेवाल्याने आणि बाईने एका बाजूला उभे राहायला हवे.

आणि सगळा भार पगारावरच टाकायचा का, हाही प्रश्न आहे. तिच्या वहीत परत जाऊ. पाणी, प्रवास, शाळा, दवाखाना, भाडे. यातला एकही रकाना मजुरी देणाऱ्याच्या हातात नाही. पाचांपैकी पहिले चार महापालिकेच्या आणि सरकारच्या हातात आहेत. नळाला दररोज पाणी आले तर तिचा जार आणि पिंप दोन्ही बंद होतात, तिला एक रुपया जास्त न मिळता पगार वाढतो. चाळीपर्यंत परिवहनची बस वेळेवर आली तर रिक्षा सुटते. पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर असला आणि औषध असले तर भिशी आजारपणात जात नाही. म्हणून मी म्हणते, मजुरीचा प्रश्न फक्त कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सुटणार नाही. प्रभागाच्या बैठकीत, पाणीपुरवठ्याच्या टेबलावरही तो सोडवायचा आहे.

पाण्याबद्दल आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. १९९० मध्ये या भागासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, इमारती वाढल्या, आणि त्या इमारतींची तहान भागवायला टँकर आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींवर आले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना पंपांचे आवाज अजून आठवत असतील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने या उपशाविरुद्ध रस्त्यावर उतरून लढा दिला. काही लोक तेव्हा म्हणत, ही वाडीवाल्यांची श्रीमंती वाचवायची चळवळ आहे. मला ते तेव्हाही पटले नव्हते. किनाऱ्यालगत विहीर जास्त उपसली की समुद्र आत येतो, पाणी मचूळ होते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाने गोडी होत नाही. विहीर गेली की केळ जाते, केळ गेली की दुसरा रकाना जातो. जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली तेव्हा गावे वगळण्यासाठी एवढे मोठे आंदोलन का झाले, ते मला या वहीतूनच समजते. लोकांना नळ नको होता असे नव्हे. नळ येण्याआधीच दुसरा रकाना पुसला जाईल, ही भीती होती.

ती भीती खरी ठरली आणि त्यात एक दुःखाची गोष्ट घडली. ज्यांची विहीर गेली ते गावचे आणि ज्यांना त्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागले ते चाळीतले, हे दोघे एकमेकांना दोष देत राहिले. गाववाला म्हणतो, यांच्यामुळे पाणी गेले. चाळवाली म्हणते, यांच्याकडे बघा, विहिरी आहेत, वाड्या आहेत. पाणी मधल्यामध्ये टँकरने गेले आणि पैसे तिसऱ्याकडे. आज सूर्या प्रकल्पाच्या नव्या योजनेतून वसई-विरारला रोज १८५ दशलक्ष लिटरचा वाटा ठरलेला आहे. तो शेवटच्या चाळीपर्यंत आणि शेवटच्या पाड्यापर्यंत जातो का, हे बघणे म्हणजे मजुरीवर लक्ष ठेवणेच आहे.

माझा वेळ संपत आला. गुरुजींच्या पद्धतीने गृहपाठ देते आणि थांबते.

बाहेरच्या टेबलावर मी चाळीस वह्या ठेवल्या आहेत. शंभर पानी, साध्या. प्रत्येक वहीत पहिले पान आखून दिले आहे. मला चाळीस घरे हवी आहेत, येत्या पहिल्या तारखेपासून वर्षभर लिहिणारी. दहा गावातली, वाडी असलेली. दहा रिसॉर्टवर, दुकानात, बांधकामावर जाणाऱ्यांची. दहा स्टेशनपलीकडच्या चाळीतली, ती मी गोळा केली आहेत. आणि दहा पाड्यावरची. तिथे लिहिणारे कमी असतील तर शाळेतली मुले लिहितील, मी चौथीतच होते. नाव लिहायचे नाही, नुसता क्रमांक. वर्षाच्या शेवटी या वह्या घेऊन आपण कामगार आयुक्तांकडे जाऊ, महापालिकेत जाऊ, आणि विशेष भत्त्याचा कागद शेजारी ठेवून दोन्ही वाचायला सांगू. हिगिन्स साहेबांनी बायकांचे घरखर्च कोर्टात ऐकले होते. आपण आपल्या वह्या न मागता घेऊन जाऊ.

रकाने असे आहेत. तारीख. रोख. उधार. घरचे. प्रवासाचे पैसे. प्रवासाचा वेळ, तासांत. खाडा पडला असेल तर का. घरात किंवा वाडीत दुसऱ्या कुणी काम केले असेल तर त्याला दिलेली मजुरी, आणि तो माणूस त्या दिवशी कुठे जेवला. आणि पाणी. पाण्याला मी वेगळा रकाना ठेवला आहे, तांबड्या शाईने आखलेला. विहिरीचे असेल तर किती घागरी, नळाचे असेल तर किती वाजता आले, विकतचे असेल तर किती रुपये. रिकामा सोडू नका.